कापसाचा चुकारा आणि पुतण्याचे ऑप्शन

प्रश्न : साहेब, पुतण्या म्हणते, "काका, कापसाच्या चुकाऱ्यातले दीड लाख मले द्या, कॉल विकून दर महिन्याले प्रीमियम आणतो. सोयाबीनचा भाव पडाची भीती असन तर त्याचा पुटबी घेऊन ठेवू." पैसे द्याचे का?
— एक शेतकरी, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, वावराच्या सौद्यात आपण इसार देतो, कॉल घेणं साधारण तसंच. ठरल्या तारखेला ठरल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क मिळतो. पण इसार पुढे किमतीत वळता होतो. प्रीमियम, म्हणजे त्या हक्कासाठी मोजलेले पैसे, होत नाही, तो गेलाच. पुट म्हणजे विकायचा हक्क. या दोन्ही हक्कांना ऑप्शन म्हणतात.

हिशेबासाठी धरा, शेअर 500 ला आहे, 520 चा कॉल 10 रुपयांना, लॉट (एका सौद्यातले शेअर) 1000 चा. घेणाऱ्याने 10,000 मोजले. मुदतीला भाव 515 असला, तर शेअर चढूनही त्याच्या हाती भोपळा. 530 ला मुद्दल निघतं.

पुतण्या विकणाऱ्याच्या बाजूला बसणार, म्हणजे भाव कितीही चढला तरी 520 नेच शेअर द्यायला बांधला जाणार. त्याला ते 10,000 बरेच महिने मिळतीलही, आणि तिथेच माणूस सोकावतो. मग एखाद्या बातमीने भाव 600 झाला की 70,000 गेले. 700 झाला तर एक लाख सत्तर हजार. म्हणजे चुकारा संपून वर वीस हजार घरातले.

हातात तेवढे शेअर असतील तर त्यावर कॉल विकणं (कव्हर्ड कॉल) समजू शकतो. वरचा नफा सोडावा लागतो आणि पडझड आपलीच राहते. किंवा सोबत 540 चा कॉल 4 रुपयांना घेऊन ठेवावा. मिळकत 6,000 वर येते, पण तोटा 14,000 च्या पुढे जात नाही. याला स्प्रेड म्हणतात. पुतण्या "नुसताच विकतो" म्हणाला, तर रुपयाही देऊ नका. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमधले 93 टक्के किरकोळ सौदेकर तोट्यात गेले, हा बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचाच अहवाल आहे.

सोयाबीनच्या पुटची कल्पना मला आवडली. मात्र डिसेंबर 2021 मध्ये सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे-ऑप्शन थांबवले आणि ती बंदी वाढवत नेली. तेव्हा तो पुट पुतण्याने आधी मोबाइलवर दाखवावा. 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये आहे. खरेदी केंद्रावर वेळेत नोंदणी करा, माल नीट वाळवून न्या. त्याला प्रीमियम लागत नाही.