वाचक विचारतात : बर्फातली शर्यत आणि म्हापशाची घंटा

प्रश्न : ताई, मी ५४ वर्षांचा, साखळीत हार्डवेअरचं दुकान आहे. टीव्हीवर क्रॉस-कंट्री स्कीइंग, म्हणजे पायांना लांब पट्ट्या लावून बर्फावरून लांब पल्ल्याची शर्यत, बघायचा नाद लागलाय. २०२७ ची जागतिक स्पर्धा स्वीडनमधल्या फालुनला आहे, ती डोळ्यांनी बघावी म्हणतो. तुम्ही २०२५ च्या स्पर्धेला नॉर्वेतल्या ट्रोनहाइमला जाऊन आलात असं मागे लिहिलं होतं. स्टेडियममधलं महागाचं तिकीट घ्यावं का? थंडी सोसेल का? व्हिसाचं काय? घरची म्हणते, महाशिवरात्रीला हरवळ्याला जायचं सोडून हे काय भलतंच!
– एक वाचक, साखळी

उत्तर : भाऊ, वहिनींचा मुद्दा आधी घेते, कारण तो खरा आहे. २०२७ ची महाशिवरात्र ६ मार्चला. स्पर्धा फेब्रुवारीअखेर सुरू होऊन मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपते. म्हणजे हरवळ्याचा रुद्रेश्वर चुकणार, त्याला माझ्याकडे इलाज नाही. अर्धी स्पर्धा बघून परत फिरता येईल, पण ५० किलोमीटरची शर्यत सहसा शेवटच्या शनिवार-रविवारी असते आणि ती सोडून यायचं तर मुळात जाऊच नका. होळी २२ मार्चला आहे, शिगमो हाताशी राहतो, एवढं सांगून बघा.

आता तिकीट. स्टेडियममध्ये एक दिवस बसा, हौस फेडा, आणि बाकीचे दिवस रानातल्या चढावर उभे राहा. हे मी ठासून सांगते, कारण पहिले दोन दिवस मी खुर्चीवर वाया घालवले. स्टेडियममध्ये सुरुवात दिसते, शेवट दिसतो आणि मधला वेळ मोठ्या पडद्याकडे बघण्यात जातो. पडदा बघायला फोंड्याचं घर काय वाईट होतं? आपल्याकडे शिगम्याच्या मिरवणुकीतला रोमटामेळ कसा बघतो आपण? तिस्काच्या नाक्यावर एक कोपरा धरायचा आणि ढोल समोरून जाऊ द्यायचे. इथे तर तेच लोक फेऱ्या मारत पुन्हा पुन्हा तुमच्यासमोर येतात. पहिल्या फेरीत सगळे चकचकीत. तिसरीत दाढीला बर्फ, नाकातून येतंय ते पुसायला सवड नाही. चढावर त्यांचा वेग पडतो, म्हणून चेहरा दिसतो, श्वासाचा घरघराट ऐकू येतो. उतारावर नुसता सपकन आवाज येतो आणि माणूस गेलेला असतो.

रानात उभं राहिलं की काय हुकतं तेही सांगते. ८ मार्च २०२५ ला ट्रोनहाइमच्या ग्रानोसेन मैदानात नॉर्वेच्या योहान्नेस क्लेबोनं पुरुषांची ५० किलोमीटर जिंकली. स्प्रिंट, स्कीॲथलॉन (एकाच शर्यतीत स्कीइंगच्या दोन शैली), १० किलोमीटर, सांघिक स्प्रिंट, रिले आणि हे, अशी एका स्पर्धेत सहाच्या सहा सुवर्णपदकं, तीही त्याच्या स्वतःच्या गावात. हा सोहळा मी पाहिला नाही, ऐकला. मी रानात होते. शेजारच्या कुटुंबाकडे रेडिओ होता, निवेदकाचा आवाज चढत चढत फाटला, मग खालून स्टेडियमची गर्जना वर आली, आणि त्या घरच्या आजीनं माझ्या हातात सॉसेज कोंबलं. मी मांस खात नाही. त्या दिवशी हातात धरून उभी राहिले, नंतर तिच्या नातवाला दिलं.

दुसऱ्या दिवशी बायकांची ५० किलोमीटर. जागतिक स्पर्धेत बायकांना हे अंतर पहिल्यांदाच मिळालं, तोवर त्यांची मोठी शर्यत ३० वर थांबायची. स्वीडनची फ्रिडा कार्लसन जिंकली. शाळेत मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला, क्रीडादिनी मुलींची शर्यत मुलांपेक्षा आखूड ठेवायची पद्धत निमूट पाळली. त्या रविवारी चढावर उभी असताना ते आठवून मला जरा लाजच वाटली.

फालुनला लुग्नेटच्या मैदानालगत मोर्डारबाकेन नावाचा चढ आहे. अर्थ : खुनी चढ. तिथली जागा सकाळी लवकर जाऊन धरा.

१० किलोमीटरसारख्या शर्यतीत एकेक जण तीस सेकंदांच्या अंतरानं सुटतो, त्यामुळे तुमच्यापुढून जो आधी गेला तो पुढे आहे असं नसतं. सुटण्याच्या क्रमाची यादी जवळ ठेवा. मी वहीत यादीतल्या प्रत्येक नावासमोर घड्याळातली वेळ लिहीत गेले आणि वजाबाकी करून कोण पुढे ते काढत होते. आजूबाजूचे लोक फोनवर तेच बघत होते, पण माझं उत्तर दोनदा त्यांच्या आधी आलं. दुकानदाराला ही वजाबाकी जड नाही.

थंडीचं म्हणाल तर कोट सगळेच नीट घेतात, पाय विसरतात. चार-पाच तास बर्फावर उभं राहिलं की जमीन तळव्यांतून ऊब ओढून घेते. माझ्या बहिणीनं योगासनांच्या चटईचे दोन तुकडे कापून आणले होते, बुटांखाली घालून उभं राहायला. मी हसले होते. दुसऱ्या दिवशी एक तुकडा मागून घेतला. बूट एक नंबर मोठे, आत लोकरीचे मोजे, बोटं हलली पाहिजेत. आपलं सुती बनियन घरी ठेवा. चढ चढताना घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं आणि उभं राहिल्यावर अंग गार पडतं. बुटांना अडकवायचे खिळ्यांचे पट्टे तिथेच दुकानात मिळतात, घसरायच्या आधी घ्या. मी नंतर घेतले. फोन आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी बघता बघता उतरते. ट्रोनहाइम समुद्राकाठी, आम्हाला पाऊस आणि चिखलही भेटला. फालुन आत आहे, तिथे कोरडी, बोचरी थंडी धरून चाला. उणे दहा झालं तरी नवल नाही.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. जास्त दिवस ज्या देशात राहणार त्या देशाकडे अर्ज, म्हणजे तुमचा स्वीडनकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण तुम्ही त्या कडेवर जाऊ नका. मोठ्या माणसाची फी ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. कशासाठी जाताय या रकान्यात पर्यटन लिहा आणि सोबत शर्यतीचं तिकीट जोडा. दुकानाची विवरणपत्रंही लावा, परत येणार याचा तो पुरावा. (पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. गोव्यात हे विचारावंच लागतं.)

राहण्याची सोय तिकिटाच्या आधी बघा. माझी खोली घरमालकानं पंधरा दिवस आधी रद्द केली. कारण विचारलं तर उत्तर नाही. दर दुप्पट झाले होते, तेव्हा कारण मला कळलंच. शेवटी विमानतळाजवळच्या स्टियोर्डालला राहिलो, रोज रेल्वेनं ट्रोनहाइम आणि तिथून बस. त्यानं काही बिघडलं नाही, उलट सकाळच्या गाडीत सगळा डबा झेंडे घेतलेल्या लोकांनी भरलेला. फालुनसाठी बोर्लेंग बघा, वीसेक किलोमीटरवर आहे. स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळावरून फालुनला रेल्वेनं अडीच-तीन तास लागतात. गोव्याहून स्टॉकहोमला थेट विमान नाही, मध्ये कुठेतरी बदलावं लागेल.

प्रश्न : हल्ली तिकडेही बर्फ कमी पडतं म्हणे. मग शर्यत रद्द होते का?
– कॉलेजविद्यार्थिनी, मडगाव

उत्तर : सहसा नाही. बर्फ यंत्रानं बनवतात आणि आदल्या हिवाळ्याचं साठवूनही ठेवतात. स्वीडनच्या ओस्टरसुंडला बर्फाचा ढीग उन्हाळाभर लाकडाच्या भुशाखाली झाकलेला असतो. जेटीवर बर्फाच्या लाद्या भुशात ठेवायचे ते तुझ्या आजोबांना विचार. आणि बर्फ फार मऊ, ओलं झालं तर वर मीठ टाकतात! आगराच्या मिठाचा चमत्कार नव्हे : मीठ थोडं बर्फ वितळवतं, त्या वितळण्याला लागणारी उष्णता आजूबाजूच्या ओल्या बर्फातून ओढली जाते आणि ते घट्ट होतं. काही तास टिकतं, शर्यतीपुरतं.

प्रश्न : यात आपलं कोणी असतं का? नसेल तर ओरडायचं कुणासाठी?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : असतात. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकला जगदीश सिंग १५ किलोमीटरमध्ये उतरला होता. पदकाच्या आसपास आपण नाही, तो भाग वेगळा. ओरडायचं म्हणाल तर चढावर कुणीच देश बघत नाही. शेवटच्या माणसाला पहिल्याइतकाच आवाज मिळतो. नॉर्वेत ‘हेया’ म्हणतात, स्वीडनमध्येही जवळपास तेच. आपल्या ‘हैय्या’ची सवय असलेल्या घशाला शिकवावं लागत नाही.

प्रश्न : तिथले लोक गाईच्या घंटा वाजवतात ते टीव्हीवर दिसतं. त्या विकत मिळतात का?
– साखळीचाच वाचक, पुरवणी चिठ्ठी

उत्तर : मिळतात, महाग आणि रंगीत. मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून गुरांच्या गळ्यातली पितळी घंटा नेली होती. आवाज त्यांच्या घंटांहून जाड. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या नॉर्वेजियनानं ती हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली, स्वतःची पत्र्याची पुढे केली आणि भुवया उंचावल्या. मी दिली नाही. आता वाटतं द्यायला हवी होती. तुम्ही दोन न्या. आणि बॅगेत भरताना आतला लोळा सुतळीनं बांधून टाका, मी बांधला नव्हता, विमानतळावर सामान तपासणाऱ्यानं बॅग उचलली तेव्हा अख्खी रांग वळून बघायला लागली.