गडग्यावर पडलेला आंबा कसा कापावा?

प्रश्न : काका, वळवाच्या वादळात वाडीतला जुना रायवळ मुळासकट उलथला. बुंधा मुळांच्या मातीवर टेकलाय, पुढे खोड जांभ्या दगडाच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर. मधला भाग अधांतरी आणि शेंडा गडग्यापलीकडे लोंबतोय. नवीन पेट्रोलची चेनसॉ घेतलीय, पण मध्यावर वरून कापायला गेलो तर पट्टी (जिच्यावर चेन फिरते ती) अडकूनच बसली. काय करू?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : आधी खोडाचा भार कुठे आहे ते बघ, मग मशीनला हात लाव. दोन्हीकडे टेकलेलं खोड मध्ये स्वतःच्या वजनाने वाकतं. वरचं लाकूड दाबलेलं, खालचं ताणलेलं. वरून कापत गेलास की फट मिटते आणि पट्टी चिमटते. म्हणून मध्यावर वरून जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच काप, उरलेलं खालून वर ये. खालून कापताना मशीन तुझ्याच अंगावर लोटलं जातं, तेव्हा पाय घट्ट रोव. गडग्यापलीकडच्या लोंबत्या भागाचं सगळं उलट: आधी खालून तिसरा हिस्सा, मग वरून. तिथे नुसतं वरून कापलंस तर लाकूड बुंध्याकडे उभं फाटत जातं.

अडकलेली पट्टी हिसकू नकोस. मशीन बंद कर, फटीत लाकडी पाचर ठोक, फट उघडली की सोडव. लोखंडी पाचर नको.

मला खरी धास्ती आहे ती बुंध्याची. खोड कापून वेगळं झालं की मुळांचा तो मातीचा ढीग एकदम खड्ड्यात परत बसतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगरकडे अशी उलथलेली झाडं वाडीवाडीत पडली होती, आणि पोरं हौसेने त्या खड्ड्यांत उतरायची. तेव्हापासून मी कापायच्या आधी खड्डा रिकामा आहे का ते स्वतः जाऊन बघतो. बुंध्याचा काप शेवटी घे. उतारावर नेहमी वरच्या अंगाला उभा राहा.

पट्टीच्या टोकाचा वरचा अर्धा भाग कशालाही टेकू देऊ नकोस. टेकला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून वळवलेला हवा आणि खांद्याच्या वर कधीही कापायचं नाही. पायात बूट आणि डोळ्यांवर चष्मा हवा; गळ्यात टॉवेल मात्र नको. एकट्याने तर मुळीच नको, हाकेच्या अंतरावर एक माणूस ठेव. फांद्यांत विजेची तार गुंतली असेल तर महावितरणची माणसं येईपर्यंत जवळ फिरकू नकोस.

जांभ्याला चेन घासली की धार गेलीच, म्हणून गडग्याच्या दगडापासून हातभर लांब काप. भुशावर लक्ष ठेव. जाडसर किस पडतोय तोवर ठीक, पिठासारखा पडू लागला की थांबून कानस मार.