वेस्लीनं दगा दिला का? आणि इतर प्रश्न

(या अंकासाठी आलेल्या पत्रांत ‘एंजल’ या अमेरिकन मालिकेवरची पत्रं सर्वांत जास्त होती. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: शापामुळे आत्मा परत मिळालेला एक व्हॅम्पायर, एंजल, लॉस एंजेलिसमध्ये डिटेक्टिव्ह एजन्सी चालवतो. वेस्ली, गन आणि फ्रेड हे एजन्सीतले त्याचे मित्र. 1999 ते 2004, पाच पर्वं, 110 भाग.)

प्रश्न : तिसऱ्या पर्वात वेस्ली एंजलचं तान्हं बाळ पळवतो. त्यावरून आम्हा तिघा मित्रांत छप्पन दुकानावर, म्हणजे आपल्या इंदूरच्या खाऊगल्लीत, इतकी जुंपली, की एक जण पोहे अर्धे टाकून उठून गेला. वेस्ली दगाबाज आहे की नाही, एवढंच सांगा.
– एक वाचक, सुदामानगर

उत्तर : इंदुरात पोहे टाकून उठायची वेळ आली म्हणजे प्रकरण साधं नाही. तेव्हा नीट क्रमानं घेऊ.

वेस्लीच्या हाती एक भविष्यवाणी लागते: बाप मुलाला मारेल. 15व्या भागात त्याला तीन खुणा कळतात: भूकंप, आग, रक्त. त्याच भागाच्या शेवटी तिन्ही खुणा बाळाच्या पाळण्यापाशी एकापाठोपाठ एक घडतात. पुढच्या भागात एंजल एकाएकी चिडचिडा होतो, कारण तो पितो त्या डुकराच्या रक्तात शत्रूंच्या वकिली फर्मनं त्याच्याच मुलाचं रक्त मिसळलेलं असतं. वेस्लीला हे माहीत नाही. त्याला एवढंच दिसतं, की बाप बाळाकडे भुकेल्या नजरेनं बघतोय. मूळ मजकुरात साह्जान नावाच्या राक्षसानं खाडाखोड केली होती, हे 17व्या भागात उघड होतं, आणि तोवर बाळही हातून गेलेलं असतं आणि वेस्लीचा गळाही चिरलेला असतो.

म्हणजे त्याचा हेतू स्वच्छ होता आणि हाताशी असलेला पुरावाही बऱ्यापैकी होता. चूक झाली ती दुसरीकडेच. तो गनला सांगत नाही, फ्रेडला सांगत नाही, एंजलला तर नाहीच. मात्र एंजलचा हाडवैरी होल्ट्झ, त्याला तो स्वतःहून जाऊन भेटतो. शत्रूशी बोलणी झाली, मित्राशी नाही. तुमच्या वादात याला दगा म्हणणाऱ्याच्या हाती एवढाच मुद्दा आहे, पण तो भक्कम आहे.

आता दुसरी बाजू. एंजल हॉस्पिटलात जाऊन वेस्लीच्या तोंडावर उशी दाबतो, आणि त्याआधी शांतपणे सांगतो की हे मी शुद्धीत, आत्मा शाबूत असताना करतोय. पुढे चौथ्या पर्वाच्या शेवटी, मोठा होऊन परतलेल्या त्याच मुलाला सुखाचं आयुष्य मिळावं म्हणून तो त्याच फर्मशी सौदा करतो आणि सगळ्यांच्या आठवणींतून मुलगाच पुसून टाकतो. बाळ चोरल्याची आणि त्यापायी भोगलेल्या शिक्षेची वेस्लीची आठवणही त्यात जाते. माणसाचा अपराध त्याला न विचारता काढून घेणं, हा आमच्या मते बाळ पळवण्यापेक्षा मोठा घाव आहे. पाचव्या पर्वाच्या 18व्या भागात वेस्ली जुन्या आठवणी कोंडलेली काच फोडतो आणि त्या परत येतात. तो भाग तिघांनी एकत्र बसून पाहा. पोह्यांचं पुढचं पुढे.

या मालिकेत मैत्री बहुतेक वेळा एकाच जागी तडकते: कुणीतरी ‘मित्राच्या भल्यासाठी’ एकट्यानं निर्णय घेतो. दुसऱ्या पर्वात एंजल सगळ्यांना नोकरीवरून काढतो. चौथ्यात फ्रेडच्या हातून खून होऊ नये म्हणून गन स्वतःच तिच्या प्राध्यापकाला मारतो, आणि त्यातच त्याचं आणि तिचं नातं विझतं. पाचव्यात गन एका कागदावर सही करतो, ती मात्र कुणाच्या भल्यासाठी नव्हे. मेंदूत घातलेलं कायद्याचं ज्ञान ओसरू लागल्याच्या भीतीपोटी. त्या सहीमुळे कस्टममध्ये अडकलेली शवपेटी सुटते आणि तिच्यातल्या शक्तीमुळे फ्रेडचा जीव जातो. वेस्ली गनला सुरा भोसकतो. एके काळी हेच दोघे खास हस्तांदोलन करून पोरांसारखे हसायचे.

आणि सांधणं? ‘माफ कर’ म्हणून इथे फारसं काही सांधलं जात नाही. चौथ्या पर्वाच्या पहिल्या भागात एंजल तीन महिने समुद्राच्या तळाशी पेटीत बंद आहे. त्याला शोधून वर काढतो तो वेस्लीच, आणि बाटलीतलं रक्त कमी पडतं तेव्हा स्वतःचा हात कापून पाजतो. मग त्याला एजन्सीच्या हॉटेलवर पोचवून निघून जातो. गळाभेट नाही की भाषण नाही.

प्रश्न : 110 भाग पाहायला वेळ नाही. फक्त मित्रांचा धागा धरायचा तर कुठले भाग पाहू?
– एक वाचक, राजेंद्रनगर

उत्तर : पहिलं पर्व: 9, 10. दुसरं: 10, 14, 16. तिसरं: 13, 15, 16, 17. चौथं: 1, 5, 22. पाचवं: 8, 14, 15, 16, 18, 22. एकूण 18 भाग. एक भाग सुमारे 42 मिनिटांचा धरला तर साडेबारा तास.

स्पाइक या दुसऱ्या व्हॅम्पायरसाठी थेट पाचव्या पर्वावर उडी मारणारे फार आहेत. त्यांना 18वा भाग कळत नाही आणि मग ते मालिकेला नावं ठेवतात. दुसऱ्या पर्वातला 14वा भाग हळू वाटला तरी गाळू नका. वेस्ली गोळी खातो आणि गन त्याला सोडत नाही, तो हाच. तो पाहिला नाही, तर पुढचा सुरा नुसता सुराच राहील. स्पाइक-एंजल जोडीसाठी पाचव्यातला 8वा भाग पुरे: दोघं एका पवित्र पेल्यासाठी एकमेकांना रक्तबंबाळ करतात आणि पेल्यात निघतं माउंटन ड्यू.

प्रश्न : एंजलनं प्रेम केलं की आत्मा जातो, असा शाप आहे ना? मग डार्ला या जुन्या प्रेयसीबरोबर रात्र काढूनही काहीच कसं होत नाही?
– एक वाचिका, जुनी इंदूर

उत्तर : 1898च्या शापाची अट प्रेमाची किंवा शरीरसुखाची नाही. एक क्षणही निखळ, परिपूर्ण सुख मिळालं तर आत्मा जातो. दुसऱ्या पर्वाच्या 15व्या भागात तो डार्लाकडे जातो तो सुखासाठी नव्हे, सगळं संपलंय या हताशेपोटी. म्हणून आत्मा जागेवर राहतो. 16व्यात तो भानावर येतो आणि ज्यांना काढून टाकलं होतं त्यांच्याच हाताखाली काम मागतो. साहेब वेस्ली, नोकर एंजल.

प्रश्न : व्हॅम्पायर डिटेक्टिव्ह आणि त्याचा जिवलग मित्र इंदुरात आणून पाऊण तासाची एकांकिका लिहितोय. संवाद जमतात, पण मैत्री खोटी वाटते.
– एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : मसुद्यातलं ‘मैत्री’ या शब्दाचं प्रत्येक वाक्य आधी काढा. मग दोघांना एक काम द्या, एकच केस, आणि पहिली दहा मिनिटं तेवढंच चालू द्या. विसाव्या मिनिटाच्या आसपास एकानं दुसऱ्यापासून काहीतरी लपवावं. त्याचं कारण प्रेक्षकाला पटायला हवं, नाहीतर तो नुसता खलनायक होईल. लपवलेलं उघड होईल तेव्हा भांडण तीन-चार वाक्यांत संपवा. नवखे लेखक इथेच पाच पानं घालवतात.

नियम दोनच ठेवा: ऊन चालत नाही, आणि बोलावल्याशिवाय परक्या घराचा उंबरठा ओलांडता येत नाही. दुसरा नियम इंदुरात फार मजेदार होतो, कारण आपल्याकडे दार उघडायच्या आधीच ‘या, या, चहा घेऊन जा’ सुरू होतं. म्हणून मित्राला असा करा, की इतकी वर्षं रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात भेटतो, भुट्ट्याचा कीस एकटाच खातो, पण घरी कधीच बोलावत नाही. का, ते सांगू नका. शेवटच्या प्रवेशात उजाडायला पाच मिनिटं उरली असताना डिटेक्टिव्ह त्याच्या दाराबाहेर उभा असू द्या. आतून ‘ये’ यायला जितका उशीर, तितकी तुमची एकांकिका चांगली. फक्त त्याला आधी कुठल्याही प्रवेशात त्या घरात शिरू देऊ नका. एकदा दिलेलं आमंत्रण पुढेही चालतं, आणि परीक्षकांत एखादा तरी ही मालिका पाहिलेला निघतोच.