वस्तीतल्या लैंगिक व प्रजनन आरोग्यसेवा सुधारायच्या तर सुरुवात कुठून करावी?

ताई, तुम्ही लिहिलंय की दिंडोरीजवळच्या तुमच्या वस्तीला उपकेंद्र आहे, आशाताई आहे, तरी बचत गटातल्या बायका दुखणं अंगावर काढतात. मी नाशिक जिल्ह्यात, पेठ-दिंडोरी पट्ट्यात आरोग्य सेविका होते. माझ्या मते सुरुवात खासगीपणापासून करा. शिबिरं आणि पोस्टरं नंतर.

केसपेपरच्या टेबलापाशी थोडा वेळ उभं राहून बघा. रांगेत मागे चुलत सासू, बाकावर गावातली पोरं. टेबलावरून मोठ्याने प्रश्न येतो, "काय होतंय?" बाई सांगते, "कंबर दुखते." अंगावरून पांढरं जातंय, खाज सुटलीय, हे ती गिळून टाकते आणि कंबरदुखीच्या गोळ्या घेऊन घरी जाते. संसर्ग तसाच राहिला तर कधी गर्भनलिकांपर्यंत पोचतो आणि पुढे दिवस राहायला अडचण येते. काही संसर्गांत तर नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं, नाहीतर तो पुन्हा होतो. हे चारचौघांत कसं बोलणार?

म्हणून पहिली मागणी ही करा: तपासणीच्या खोलीला पडदा, दाराला आतून कडी आणि एका वेळी एकच बाई आत. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला अबंधित निधी येतो, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चता येणारे पैसे, त्यातून एवढं सहज होतं. समितीत तुमच्या गटातलं कुणी आहे का, ते आधी बघा.

मग वेळ. द्राक्षछाटणीच्या दिवसांत उपकेंद्र उघडायच्या आधीच पिकअप बायकांना घेऊन बागेकडे निघालेली असते. दिवसाची मजुरी बुडवून कोण येणार? महिन्यातून एक संध्याकाळ ठरवून सिस्टरांनी वस्तीवर बसावं, असं मागा. सुरगाणा-पेठहून मजुरीला आलेल्या बायकांना यात विसरू नका. 'अंतरा' हे दिवस राहू नयेत म्हणून दिलं जाणारं सरकारी इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं असतं आणि तोवर त्यांचा मुक्काम हललेला असतो. इंजेक्शनचं कार्ड जवळ ठेवायला आणि जिथे असतील तिथल्या सरकारी केंद्रात दाखवायला त्यांना सांगा.

एका गोष्टीचा मला फार राग येतो. गर्भपातासाठी नवऱ्याची सही मागतात. १९७१ च्या कायद्यात ही अट नाही. अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते आणि तिचं नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत चालतं, काही ठरावीक परिस्थितींत दोन डॉक्टरांच्या मताने चोवीसपर्यंत. गर्भलिंग निदानाला बंदी आहे म्हणजे गर्भपातालाच बंदी आहे, असा समज गावोगावी आहे, आणि त्या भीतीपोटी बायका कुठूनही गोळ्या आणून घेतात. रक्तस्राव थांबेनासा झाला की मग धावपळ. गटाच्या बैठकीत हे स्पष्ट बोला.

पुरुषांना आणि तरुण पोरांना १०९७ हा मोफत नंबर द्या. एचआयव्ही आणि गुप्तरोगांबद्दल तिथे नाव न सांगता विचारता येतं.

मागणी लेखी द्या, पोच घ्या, एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. अर्ज आधी आशाताईला वाचून दाखवा. तिला बराचसा मोबदला कामावर मिळतो आणि राहायचंही त्याच गावात असतं. तक्रार तिच्यावर शेकेल असं एकही वाक्य त्यात राहू देऊ नका.