युनायटेड चर्चमधला रविवार: आपल्या माणसांना जमेल का?

सलाम भाऊ,

तुम्ही नगरहून विचारलंत: जानेवारीत कॅनडात हॅमिल्टनला येतोय, बायको आणि आठ वर्षांची मुलगी बरोबर आहे. घराच्या कोपऱ्यावरच युनायटेड चर्च आहे, पण फोटोत दारावर सप्तरंगी झेंडा दिसतो. आत उपासना कशी चालते, आपल्याला जमेल का? मी नऊ वर्षं अशाच एका मंडळीत (एका चर्चच्या सभासदांत) आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी घराणं सांगतो. १९२५ च्या जूनमध्ये टोरांटोत मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बरेचसे प्रेस्बिटेरियन हे प्रॉटेस्टंट पंथ एक झाले, तेच हे युनायटेड चर्च ऑफ कॅनडा. आपली सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) १९७० साली नागपुरात अशाच जुळवाजुळवीतून उभी राहिली, आणि नगरचं अमेरिकन मिशन तर मुळात काँग्रिगेशनलच. म्हणजे नातं चुलत म्हणा हवं तर. इथे बिशप नाहीत, मंडळीच आपला पाळक (धर्मगुरू) शोधून आणते.

त्यामुळे उपासनेचा सांगाडा ओळखीचा वाटेल: आधी जमणं, मग वचन, वचनाला मंडळीचा प्रतिसाद, शेवटी आशीर्वाद घेऊन घरी. भिंतीवर गीतांच्या नंबरांची लाकडी पाटीसुद्धा आहे. शास्त्रवाचनं तीन वर्षांच्या ठरलेल्या चक्रातून येतात. सगळं तासाभरात आटोपतं, संदेश पंधरा मिनिटं. आपल्याकडे पंधरा मिनिटांत पाळकसाहेबांची प्रस्तावना होत नाही.

सुरुवातीलाच ही जमीन मूळची कोणाची, त्या आदिवासी लोकांची नावं घेतात. मला आधी ती औपचारिकता वाटली. मग कळलं की त्यांच्या मुलांना घरापासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवलं, त्यांतल्या काही याच चर्चने चालवल्या होत्या. १९८६ ला एकदा आणि शाळांबद्दल १९९८ ला पुन्हा, चर्चने माफी मागितली. ते कळल्यापासून ती नावं घेताना मी मोबाइल बघत नाही.

आता झेंडा. समलिंगी माणसांचंही इथे स्वागत आहे, असं तो सांगतो. प्रत्येक युनायटेड चर्चवर तो नसतो. मंडळी आधी चर्चा करते, मतदान घेते, मग तो लागतो. समलिंगी माणसं पूर्ण सभासद होऊ शकतात, पाळकही होऊ शकतात, हा ठराव चर्चने १९८८ लाच केला. त्यावर खूप भांडणं झाली, माणसं सोडून गेली. पण रविवारी कोणी झेंड्यावर भाषण ठोकत नाही. फरक बारीक गोष्टींत दिसतो. 'उठा' म्हणत नाहीत, 'शरीराने किंवा मनाने उभे राहा' म्हणतात. गुडघेवाली आजी बसून गाते, कोणी वळून बघत नाही. पत्रक मोठ्या अक्षरातही मिळतं. देवाला दर वेळी 'पिता' म्हणतीलच असं नाही. विश्वासाचा अंगीकार (आपण काय मानतो ते सगळ्यांनी मिळून म्हणणं) बऱ्याचदा १९६८ च्या नव्या मतांगीकारातला असतो. त्याची पहिली ओळ होती 'माणूस एकटा नाही, तो देवाच्या जगात राहतो'. इंग्रजीत त्या 'माणूस'चा अर्थ 'पुरुष'ही होतो, म्हणून १९८० मध्ये ती 'आपण एकटे नाही' अशी झाली. मराठीत 'माणूस' म्हटलं की बाई त्यात आली असं आपण म्हणतो खरं, पण पुढे 'तो' येतोच ना!

मला सगळ्यात जड गेलं ते प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि रस घेणं. नगरला सोळाव्या वर्षी प्रश्नोत्तरी तोंडपाठ करून, दृढीकरण (पूर्ण सभासद होण्याचा विधी) होऊन मग मला भाकर मिळाली. इथे मेज सगळ्यांना खुलं. पहिल्याच महिन्यात आम्ही रांगेत गेलो. पाळकबाईंच्या हातात अख्खा पाव, कपात द्राक्षाचा रस (वाइन नाही, मेथडिस्टांची दारूबंदी अजून टिकून आहे, आणि दारू सोडलेल्यांचीही सोय होते). माझ्या सहा वर्षांच्या पोराने हात पुढे केला आणि मी त्याचं मनगट धरून मागे ओढलं. बाई तुकडा हातात धरून थांबल्या. मागे रांग खोळंबली. त्यांनी मला नुसतं विचारलं, "त्यालाही देऊ ना?" मी मनगट सोडलं. पोराने मोठा तुकडा मागितला, त्यांनी दिला. खरं सांगू, वाट बघून मिळालेल्या भाकरीची किंमत वेगळी असते असं अर्धं मन अजून म्हणतं. तुमच्या मुलीबद्दल काय करायचं ते गाडीत बसल्यावरच ठरवून या.

घरी काय सांगायचं, असं विचारलंत. माझी आई सहा महिने राहून गेली. दुसऱ्या रविवारी तिने विचारलं, "पाळकबाईंचे यजमान दिसत नाहीत?" मी म्हटलं, त्यांना यजमान नाहीत, बायको आहे, ती बघ, कॉफीच्या टेबलाशी. आई बराच वेळ बघत राहिली, म्हणाली, "मग पाळकीणबाई त्याच." आणि उठून कप विसळायला गेली. नंतर फोनवर मावशीला तिने हे सांगितलं नाही, तेही नमूद करतो.

उणं सांगायचं तर मंडळी म्हातारी आहे. आमच्याकडे रविवारी साठेक डोकी, त्यात मुलं सात. तुमच्या मुलीला लगेच संडे स्कूलमध्ये ओढतील, आणि तुम्हाला शिकवायला. मुलांबरोबर काम करायचं तर पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला मागतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. उपासनेनंतरची कॉफी चुकवू नका. भाड्याचं घर, डॉक्टर, जुना सोफा, सगळं तिथेच कळतं. माझी पहिली नोकरी तिथल्याच एका काकांच्या ओळखीने लागली.

तयारी फारशी नाही. पाळकसाहेबांकडून सभासदत्वाचं पत्र आणा. अत्तर, सेंट लावून जाऊ नका, बऱ्याच चर्चमध्ये 'सुगंध नको' अशी पाटी असते, काहींना त्रास होतो. अर्पण बहुतेक लोक दरमहा बँकेतून वळतं करतात. थाळीत काही टाकलं नाही म्हणून कंजूष समजत नाहीत. पाकिटातून दिलंत तर नाव लिहा, वर्षअखेरीला करसवलतीची पावती मिळते.

आणि 'उपासना संगीत', आपलं गीतांचं पुस्तक, बॅगेत टाका, माझ्या प्रतीची पानं सुटली आहेत. आमच्याकडे प्रभूची प्रार्थना आपापल्या भाषेत म्हणा, असं सांगतात. मी मराठीत म्हणतो. सगळे आमेन म्हणून मोकळे होतात तेव्हा मी शेवटच्या 'राज्य, सामर्थ्य' या ओळीपाशीच असतो. सध्या तेवढी ओळ मला एकट्यालाच म्हणावी लागते. एखाद्या रविवारी आमच्याकडे या.