क्लचचे ऑइल भरूनही पेडल पुन्हा खाली जाते

प्रश्न : आमची नऊ वर्षांची डिझेल गाडी बहुतेक देवगड-कणकवली रस्त्यावरच चालते. गेल्या महिन्यात कोल्हापूरला जाताना फोंडा घाटात क्लचचे पेडल एकदम मऊ पडले. रिव्हर्स टाकताना करकर आवाज येऊ लागला आणि दोन-तीनदा पेडल मारल्यावरच गिअर पडू लागला. टाकीतले ऑइल खाली गेले होते. गॅरेजमध्ये ऑइल भरून हवा काढून दिली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. आता क्लच प्लेटसह सगळे बदला, असे सांगतात. तसे करावे का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : एवढ्यावरून तरी करू नये. क्लच प्लेट झिजलेली असती तर चढावर इंजिनाचा आवाज वाढला असता आणि गाडी मात्र ओढली नसती. आपल्याकडे नेमके उलटे आहे. क्लच धरतो, पण पूर्ण सुटत नाही. पेडल भराभर मारल्यावर तो सुटतो, याचा अर्थ नळीत हवा शिरली आहे, आणि ऑइल खाली गेले होते म्हणजे ते कुठून तरी गळते आहे. क्लचचे ऑइल इंजिन ऑइलसारखे जळून कमी होत नाही. गळती न शोधता हवा काढली, म्हणून आठच दिवस गाडी बरी चालली.

गळती शोधण्याच्या जागा मोजक्या आहेत. प्रथम पायाशी वाकून टॉर्चच्या उजेडात पेडलचा दांडा जिथे मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबल्यावर ऑइल नळीत ढकलणारा वरचा सिलिंडर) शिरतो तिथे बोट फिरवावे. बोट ओले व निसरडे झाले, किंवा खालची चटई भिजलेली असली, तर वरचा सिलिंडर गेला. तिथे कोरडे असल्यास गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलिंडरची (त्या ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा खालचा सिलिंडर) रबरी टोपी हलकेच मागे सरकवावी. आतून ऑइल ओघळले तर आतला रबरी वॉशर फाटला आहे, असे समजावे. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत या सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि मग नवे रबर किट टाकले तरी तेही थोड्याच दिवसांत कापले जाते. म्हणून खड्डे नखाला लागत असतील तर किटवर भागवू नये, सिलिंडरच बदलावा. धातूची नळी जिथे क्लिपमध्ये बसते तिथला गंजही पाहावा.

काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, बेअरिंगला जोडूनच असतो. आपली गाडी तशी असेल आणि इंजिन व गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल ठिबकत असेल, तर गिअरबॉक्स उतरवणे अटळ आहे, आणि अशा वेळी प्लेटही जुनी असल्यास एकाच मजुरीत बदलून घेणे शहाणपणाचे. गॅरेजवाल्यांच्या मनात हेच असू शकते. त्यांना स्पष्ट विचारावे.

दुरुस्तीनंतर हवा काढताना दोन माणसे लागतात. स्लेव्ह सिलिंडरवरच्या निपलला (हवा सोडण्याचा पोकळ स्क्रू) पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवावे. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सैल करून बुडबुडे जाऊ द्यावेत, आणि निपल घट्ट केल्यावरच पाय उचलावा. हा क्रम चुकला की हवा परत आत ओढली जाते. मध्येच टाकी रिकामी होऊ देऊ नये. गंजलेला निपल जोर लावून फिरवू नये. माझ्या गाडीचा असाच मोडला आणि चांगला सिलिंडर फेकावा लागला.

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचेच घ्यावे. बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४ असते. हे ऑइल हवेतली ओल शोषते. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंशच आहे. म्हणून पावसाळाभर उघडी राहिलेली अर्धी बाटली वापरू नये. सिलिंडर पेट्रोलने धुऊ नये, रबर फुगते. ऑइल रंगावर सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे, नाहीतर रंग सुटतो.

अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांची टाकी एकच असते. क्लचची नळी टाकीला वरच्या बाजूस जोडलेली असल्याने ब्रेकपुरते ऑइल खाली उरते खरे. पण टाकी तशी असल्यास दुरुस्ती होईपर्यंत रोज सकाळी तिची पातळी पाहावी आणि गाडी घाटात नेऊ नये.