आईचं नैराश्य माझ्या वाट्याला येणारच का?

प्रश्न : आईला नैराश्य होतं. मलाही होईल का? रक्ततपासणीत कळेल? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : होणारच, असं अजिबात नाही. ताणात वाढलेलं कॉर्टिसोल हे संप्रेरक आवरायला मेंदूत ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे ते ओळखणारी प्रथिनं) असतात. हे ग्राहक बनवणाऱ्या जनुकावर मिथाइल गट (छोट्या रासायनिक खुणा) चिकटले की ग्राहक कमी बनतात, ताण लवकर ओसरत नाही. जनुक मात्र तेच राहतं. मॉन्ट्रियलच्या २००४ मधल्या प्रयोगात, आईने कमी चाटलेल्या उंदराच्या पिल्लांत हेच दिसलं. अशाच आईच्या, पण जन्मताच मायाळू आईकडे दिलेल्या पिल्लांत दिसलं नाही; म्हणजे ते वारशाने नव्हे, संगोपनातून आलं होतं.

तपासणीवर पैसे घालवू नका. रक्तपेशींतल्या मिथाइल खुणा मेंदूतल्या खुणांशी जुळतीलच असं नसतं. दोन आठवडे मन उदास, झोप-भूक बिघडलेली असेल, तर मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयाच्या) मानसोपचार ओपीडीत दाखवा. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं.